ऑनलाइन डिरेक्टरीत पैसे भरून नाव लावावं का? घरगुती दुरुस्तीच्या धंद्याचा हिशोब

(व्याख्यानाच्या ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन)

समोर प्लंबर आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत, एसी-फ्रिजवाले आहेत, पेस्ट कंट्रोल, रंगकाम, वॉटरप्रूफिंग करणारे आहेत. काहींच्या घरची मंडळीही आलीयत, हे फार बरं झालं. का ते पुढे येईलच.

आजचा प्रश्न तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. दुपारी कामात असताना फोन येतो. "सर, तुमच्या एरियात रोज इतके कस्टमर प्लंबर शोधतायत. तुमचं नाव वरती आणून देतो. ऑफर आजच्यापुरतीच आहे." महिन्याला दोन-अडीच हजार म्हणजे फार नाही वाटत. पण वर्षाचे पैसे एकदम किंवा बँकेतून हप्त्याने जाणार असतात, आणि एकट्याने धंदा करणाऱ्याच्या दृष्टीने ती रक्कम म्हणजे एक चांगलं ड्रिल मशीन, मुलाची फी किंवा पावसाळ्यातल्या रिकाम्या दिवसांचा आधार असते. म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो. काही धंद्यांना ही जाहिरात परवडते, बऱ्याच जणांना परवडत नाही, आणि आपण कुठल्या गटात आहोत ते तीन महिन्यांत एका साध्या वहीवरून कळतं. पैसे घेणारा ते सांगणार नाही, आणि शेजारच्या मिस्त्रीचा अनुभवही तुम्हाला जसाच्या तसा लागू होणार नाही. आपला हिशोब आपणच मांडायचा.

डिरेक्टरी काय विकते?

आधी टेलिफोनच्या पिवळ्या पानांची जाडजूड पुस्तकं असायची. त्यात जाहिरात दिली की ती वर्षभर छापलेली राहायची. जस्टडायल १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालं ते फोनवर. तुम्ही नंबर फिरवायचा, "अंधेरीत गीझर दुरुस्त करणारा पाहिजे" म्हणायचं आणि पलीकडून दोन-चार नंबर मिळायचे. पुढे वेबसाइट आली, ॲप आलं. २०१३ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली आणि २०२१ मध्ये रिलायन्स रिटेलने तिच्यात मोठा हिस्सा घेतला. सुलेखासारख्या इतरही डिरेक्टऱ्या आहेत. नंबर शोधणाऱ्या घरमालकाकडून या धंद्यात पैसे घेत नाहीत. पैसे येतात ते यादीत वर दिसण्यासाठी तुमच्यासारखे लोक भरतात त्यातून. म्हणजे या व्यवहारात गिऱ्हाईक तुम्ही आहात, हे डोक्यात पक्कं ठेवा.

आता घरमालकाने मोबाइलवर "जवळचा प्लंबर" शोधलं की काय होतं? त्याची चौकशी बहुतेक वेळा एकाच माणसाकडे जात नाही. ती चार-पाच जणांकडे एकाच वेळी जाते. त्यालाच "लीड" म्हणतात. तुमच्या मोबाइलवर नाव, नंबर आणि "बाथरूम लीकेज" एवढं येतं. त्याच क्षणी ते बाकीच्या चौघांच्या मोबाइलवरही आलेलं असतं. तुम्ही पैसे भरलेत ते त्या घंटीसाठी. काम मिळवणं तुमच्याकडेच राहिलं.

इथे एक फरक लक्षात घ्या. अर्बन कंपनी, म्हणजे २०१४ मध्ये अर्बनक्लॅप नावाने सुरू झालेली, ती डिरेक्टरी नव्हे. तिथे दर कंपनी ठरवते, गिऱ्हाईक कंपनीचं असतं आणि कामाच्या पैशातून कंपनी आपला हिस्सा घेते. गूगलवर पैसे भरून केलेली जाहिरात तिसऱ्या प्रकारची. तिथे साधारणपणे कुणी जाहिरातीवर बोट ठेवलं की पैसे कापले जातात. डिरेक्टरीत मात्र बहुधा पैसे आधी जातात आणि घंटी नंतर वाजते. आज आपण त्याच प्रकाराबद्दल बोलतोय.

एका महिन्याचा हिशोब

आकडे धरून चालू. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे तुम्ही घाला.

समजा महिन्याला २,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४५० रुपये. झाले २,९५०. तुमची नोंदणी असेल आणि तुम्ही नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरत असाल, तर ते ४५० वळते करून घेता येतात. पण सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सहसा सक्तीची नसते, आणि इथले बरेचसे त्याच गटात आहेत. त्यांचे ते पैसे गेले ते गेले. बोलणाऱ्याने २,५०० सांगितले तरी वहीत २,९५० लिहा.

समजा महिन्यात ३० नंबर आले. सेल्सवाला म्हणेल, "बघा, एक नंबर शंभराच्या आत पडला." बरोबर आहे, ९८ रुपये पडला. पण पुढे चला. सहा नंबर लागलेच नाहीत, किंवा कुणीतरी नुसता रेट विचारत होतं. चौदा जणांना दुसरा कुणीतरी आधी भेटला, किंवा स्वस्त पडला. दहा ठिकाणी तुम्ही प्रत्यक्ष गेलात. त्यातली सहा कामं मिळाली, चार फेऱ्या फुकट गेल्या.

म्हणजे एक काम पडलं साधारण ४९० रुपयांना. आता त्या कामात उरलं किती? सरासरी बिल ७००. सामान २५०, पेट्रोल ८०. उरले ३७०. सहा कामांचे २,२२०. फुकट फेऱ्यांचं पेट्रोल ३२० वजा केलं की १,९००. भरलेत २,९५०. महिन्याला १,०५० रुपये खिशातून गेले, आणि तुमच्या वेळेची किंमत आपण अजून धरलेलीच नाही.

इथे बरेच जण थांबतात आणि म्हणतात, फसवणूक आहे सगळी. थांबू नका, हिशोब अजून अर्धाच झालाय. त्या सहा घरांपैकी दोन घरांनी तुमचा नंबर जपून ठेवला आणि वर्षभरात तीन-तीन वेळा थेट तुम्हाला बोलावलं, तर आणखी सहा कामं झाली. त्याचे २,२२० रुपये. आता १,०५० चा तोटा भरून निघून वर १,१७० उरतात. म्हणजे त्याच जाहिरातीने एकाला बुडवलं आणि दुसऱ्याला तारलं. दोघांना नंबर सारखेच आले होते. फरक पडला तो काम झाल्यानंतर घरमालकाकडे काय उरलं त्यात.

कुणाला परवडतं?

यावरून धंद्यांचे सरळ तीन गट पडतात.

पहिला गट मोठ्या आणि क्वचित निघणाऱ्या कामांचा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, अख्ख्या फ्लॅटचं रंगकाम, घर हलवून देणारे. साठ हजारांच्या गच्चीच्या कामात सगळं जाऊन पंधरा हजार उरत असतील, तर एकाच कामात पाच महिन्यांची फी निघते. शिवाय ही कामं माणूस दहा-बारा वर्षांत एकदा करतो. त्याच्या मोबाइलमध्ये कुणाचा नंबर नसतो, तो शोधणारच. इथे डिरेक्टरीची फी दुकानाच्या भाड्यासारखी आहे. दर महिन्याला द्यायची आणि दर महिन्याला वसूल होते का बघायची.

दुसरा गट लहान पण पुन्हा पुन्हा निघणाऱ्या कामांचा. एसी सर्व्हिसिंग, वॉटर प्युरिफायर, इन्व्हर्टरची बॅटरी, पेस्ट कंट्रोल. इथे पहिल्या कामात तोटा झाला तरी चालतो, पण एका अटीवर. त्या घराशी वर्षाचा मेंटेनन्स ठरला पाहिजे, किंवा पुढची तारीख लिहून घेतलेली पाहिजे. ती सवय नसेल तर जाहिरात देऊ नका. दर वर्षी तेच गिऱ्हाईक पुन्हा विकत घ्याल.

तिसरा गट किरकोळ कामांचा. नळाचा वॉशर, एक स्विच, दाराची कडी. बिल दोनशे-तीनशे. आकडे कसेही फिरवले तरी एवढ्याशा बिलातून पाचशे रुपयांचं गिऱ्हाईक परवडत नाही. अशा मिस्त्रीचं खरं डिरेक्टरी म्हणजे कोपऱ्यावरचं हार्डवेअरचं दुकान, सोसायटीचा वॉचमन आणि सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. तिथे आपलं नाव टिकवणं हाच त्याचा जाहिरातीचा खर्च.

एक अपवाद. गावाहून नुकता पुण्यात, ठाण्यात आलेला मुलगा, हात चांगला, ओळख शून्य. त्याला पहिली चाळीस-पन्नास घरं मिळवायला सहा महिने डिरेक्टरी उपयोगी पडू शकते. पण तोही खर्च ओळख तयार करण्याचा, आणि ओळख झाली की थांबवण्याचा.

फोन कोण उचलणार?

घरची मंडळी आली ते बरं झालं असं म्हटलं ते यासाठी. ज्याच्या घरात पाणी गळतंय तो पाच मिनिटं वाट बघतो, मग पुढचा नंबर लावतो. आणि तुम्ही त्या वेळी कुठे असता? सिंकखाली पालथे पडलेले, हात चिखलाने भरलेले, किंवा मेन बंद करून बोर्ड उघडलेला. तासाभराने फोन केलात तर "झालं हो काम" असं ऐकायला मिळतं. घंटीचे पैसे गेले.

आम्ही ज्या वह्या बघतो त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्यांना डिरेक्टरी परवडते त्यांच्याकडे फोन उचलणारं कुणीतरी असतं. बायको, बहीण, वडील, नाहीतर दुकानातला पोरगा. ते पत्ता घेतात, काय बिघडलंय ते विचारतात, व्हिजिट चार्ज आधीच सांगतात आणि वेळ देतात. व्हिजिट चार्ज सांगितला की निम्म्या फुकट फेऱ्या तिथेच गळतात. हे काम घरातली बाई करत असेल तर ते धंद्यातलं काम आहे, तिचा वाटा हिशोबात दिसला पाहिजे. आणि फोन उचलायला कुणीच नसेल, तर आधी ती सोय करा, मग जाहिरातीचा विचार.

दुसरी गोष्ट सीझनची. एसीवाल्याला मार्च ते मे जेवायला फुरसत नसते. पहिला मोठा पाऊस पडला की गळतीवाल्यांचंही तेच. त्या दिवसांत डिरेक्टरीकडून फोन धो धो येतात, पण तुम्हाला घेता येत नाहीत. आणि हात रिकामे असतात तेव्हा शोधणारे लोकही कमी असतात. म्हणून मे महिन्यातले आकडे दाखवून कुणी वर्षाचं पॅकेज विकत असेल, तर ऑगस्टमधले आकडे मागा.

नंबर कुणाचा, नाव कुणाचं

आता जरा नाजूक मुद्दा. काही डिरेक्टऱ्यांवर तुमच्या नावासमोर तुमचा खरा नंबर नसतो, त्यांचा एक नंबर असतो आणि तिथून फोन तुमच्याकडे वळतो. किती फोन आले ते मोजायला ते सोयीचं आहे. पण गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये सेव्ह होतो तो त्यांचा नंबर. तुम्ही पैसे भरणं थांबवलंत, की दोन वर्षांपूर्वी तुम्हीच काम केलेला माणूस तुम्हाला शोधायला जातो आणि भलत्याच्याच दारात पोचतो. तीच गोष्ट रिव्ह्यूची. पन्नास घरी राबून मिळवलेल्या चांदण्या तिथेच राहतात, तुम्हाला उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत.

यावर उपाय साधा आहे, पण तो प्रत्येक कामानंतर करावा लागतो. बिल द्या, छोटं असलं तरी. बिलावर स्वतःचा नंबर. गीझरवर, मीटरच्या बोर्डाजवळ, सिंकखालच्या दारावर आतल्या बाजूला स्टिकर, त्यावर नाव, नंबर आणि कामाची तारीख. निघण्याआधी व्हॉट्सॲपवर बदललेल्या पार्टचा फोटो पाठवा. म्हणजे तुमचा नंबर आपोआप त्यांच्याकडे गेला, आणि पुराव्यामुळे विश्वासही बसला. भाड्याने आलेलं गिऱ्हाईक आपलं होतं ते असं.

आधी फुकटातलं पूर्ण करा

पैसे भरायच्या आधी गूगल बिझनेस प्रोफाइल पूर्ण करा. आधी त्याला गूगल माय बिझनेस म्हणायचे. ते फुकट आहे. दुकान नसलं तरी चालतं. घराचा पत्ता लपवून "या या भागात सेवा देतो" एवढं दाखवता येतं. नाव खरं टाका, "बेस्ट प्लंबर पुणे नंबर वन" असलं काही जोडू नका, ते नियमात बसत नाही आणि प्रोफाइल बंद होऊ शकतं. कामाचे खरे फोटो टाका, वेळ टाका. समाधानी गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे रिव्ह्यूची लिंक पाठवा. पैसे देऊन खोटे रिव्ह्यू घेऊ नका.

आणि "गूगलमधून बोलतोय, पैसे भरा नाहीतर तुमचं प्रोफाइल काढून टाकू" असा फोन आला, तर तो ठेवून द्या. या प्रोफाइलसाठी गूगल पैसे घेत नाही. ओटीपी तर कुणालाच सांगू नका.

डिरेक्टऱ्यांमध्येही फुकट नोंद करता येते. ती करा, आणि दोन महिने काय येतं ते बघा. फुकटात किती फोन येतात हे माहीत असल्याशिवाय पैशाने किती वाढले हे कळणार कसं?

सही करण्याआधी

बोलणारा माणूस चांगलाच असेल, पण त्याला टार्गेट असतं. म्हणून तोंडी काही धरू नका. लेखी विचारा. कुठल्या भागासाठी, कुठल्या कामासाठी? एक चौकशी किती जणांना जाते? माझा नंबर दिसणार की तुमचा? चुकीच्या नंबरांचं काय? मुदत किती, आणि मध्येच थांबवलं तर पैसे परत मिळतात का? "पहिल्या पानावर" म्हणजे कुठल्या शब्दाला आणि कुठल्या भागात? उत्तर व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं, बँकेतून आपोआप पैसे कापायची परवानगी, म्हणजे मँडेट. "नुसता ओटीपी सांगा" म्हणत ती फोनवर घेतली जाते. तिच्यात रक्कम किती, शेवटची तारीख कुठली, हे वाचल्याशिवाय ओटीपी टाकू नका. चालू असलेली मँडेट बँकेत बघता येतात आणि ती रद्द करण्याचा अर्जही देता येतो. मात्र मँडेट थांबवलं म्हणजे करार संपला असं होत नाही. करार संपवण्याचं पत्र किंवा मेल वेगळा पाठवा आणि त्याची पोच जपून ठेवा. खात्यात पैसे नसताना हप्ता आला तर बँक दंड लावते, तोही तुमच्याच माथी.

शक्यतो तीन महिन्यांचं पॅकेज मागा. "तसं नसतं" म्हणाले तर थोडा जास्त दर देऊनही मागा. वर्षाच्या सवलतीत वाचणाऱ्या पैशापेक्षा बाहेर पडायची मोकळीक जास्त मोलाची आहे.

तीन महिन्यांची वही

शाळेची दोनशे पानी वही घ्या. सात रकाने आखा. तारीख, फोन कुठून आला, काय काम, गेलो का, मिळालं का, हातात किती उरलं, आणि शेवटचा रकाना "पुन्हा बोलावलं का". प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारा, "आमचा नंबर कुठून मिळाला?" बस. मोबाइलवर लिहिलंत तरी चालेल, पण त्याच दिवशी लिहा.

तीन महिन्यांनी डिरेक्टरीच्या कामांची वेगळी बेरीज करा. फी वसूल झाली असेल तर चालू ठेवा. थोडी कमी पडली असेल, पण शेवटच्या रकान्यात नावं दिसत असतील, तर आणखी तीन महिने बघा. फीही निघाली नाही आणि शेवटचा रकानाही कोरा, तर थांबवा. मग पलीकडून कितीही मोठी सूट मिळाली तरी थांबवा, कारण तोट्याचा सौदा अर्ध्या किमतीत मिळाला म्हणून आपोआप फायद्याचा होत नाही. पुन्हा बेरीज करा, नव्या दराने निघत असेल तरच हो म्हणा.

पुन्हा पुन्हा कामं निघणाऱ्या धंद्यात आम्ही आणखी एक कसोटी लावतो. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तुमची निम्मी कामं जुन्या घरांतून किंवा त्यांच्या ओळखीतून येत नसतील, तर जाहिरात बदलून उपयोग नाही. कामात, वेळ पाळण्यात किंवा दरात काय खटकतंय ते जुन्या दहा गिऱ्हाइकांना फोन करून विचारा. तो फोन फुकट आहे, आणि त्यातून कळतं ते कुठलंही पॅकेज सांगत नाही.

आता आपण प्रश्नांकडे वळू. ज्यांनी सध्या पैसे भरलेले आहेत त्यांनी करार मोबाइलवर उघडून ठेवा. मुदत आणि मँडेटची तारीख आपण इथेच, एकेकाची, बघून घेऊ.